उजनीच्या पाण्यावर एक दिवस

आमच्या लग्नाला एकवीस वर्षे झाली. या एकवीस वर्षांत आम्ही पती-पत्नीने प्रवास पुष्कळ केले. ६ डिसेंबरला चैत्यभूमी झाली, नागपूरची दीक्षाभूमी झाली, १ जानेवारीला भीमा कोरेगाव झाले. नात्यातली लग्ने झाली, पुण्यानुमोदनाचे कार्यक्रम झाले. परंतु या प्रत्येक प्रवासात मी असतो कार्यकर्ता आणि आमच्या आयुष्मती असतात भाकरीचे गाठोडे सांभाळणाऱ्या. मी बॅनर धरतो, त्या पिशव्या धरतात. दोघांनी निवांत बसून एखादा दिवस एकमेकांशी बोलावे, असा प्रवास काही घडला नव्हता.

जानेवारीत एका रात्री मंडळाची सभा आटोपून मी उशिरा घरी आलो. ताट वाढता वाढता त्या म्हणाल्या, "अहो, एक दिवस तरी कुठल्या कार्यक्रमाशिवाय मला घेऊन चला की."

"कुठे?"

"पाण्यावर. नावेत बसायचंय मला. आईचं गाव ज्या पाण्याखाली हाय, त्या पाण्यावर."

मी जेवताना थांबलो. एकवीस वर्षांत त्यांनी स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट असावी.

वाचक बंधू-भगिनींना सांगायला हवे, की माझ्या सासूबाईंचे सासर म्हणजे करमाळा तालुक्यातले भीमाकाठचे एक जुने गाव. उजनी धरणात ते गेले. धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याआधीच गावकऱ्यांनी आढी, पत्रे, तुळया, जनावरे घेऊन वरच्या माळावर बिऱ्हाडे हलवली होती. सासूबाई तेव्हा पंचविशीच्या होत्या. आमच्या आयुष्मतींचा जन्म त्या माळावरच्या नव्या गावातला. म्हणजे ज्या गावच्या म्हणून त्या ओळखल्या जातात, ते गाव त्यांनी कधी पाहिलेलेच नाही. लहानपणापासून त्या फक्त पाणी पाहत आल्या.

चाकावरची खोली

जायचे ठरले, पण हॉटेलात उतरण्याची आमची ऐपत नाही आणि सवयही नाही. यांच्या भावाचा मुलगा भाजीचा धंदा करतो. त्याच्याकडे जुनी मारुती ओम्नी आहे. मागची बाके काढून तिच्यात तो कोथिंबीर-मेथीच्या पेंड्या भरतो. तो म्हणाला, "आत्या, गाडी तीन दिवस घेऊन जा. मागं गादी टाकली की झोपायला मोकळं."

परदेशात असे चाकावरचे घर घेऊन नवरा-बायको महिना-महिना हिंडतात. समुद्रकाठी किंवा तळ्याकाठी थांबतात, एखाद्या दिवसापुरती नावाड्यासकट नाव भाड्याने घेतात आणि मासे धरतात. आपल्या महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली अशा गाड्यांसाठी कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. आमची कॅराव्हॅन म्हणजे मेथीचा वास येणारी ओम्नी. तिच्यात एक गादी, दोन चादरी, पाण्याचे कॅन, लहान गॅसची शेगडी, तवा, पातेले, चटणी-मिठाचा डबा आणि ज्वारीचे पीठ एवढे सामान चढवले. मुलांना चुलत्याकडे ठेवले आणि फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवारी सकाळी निघालो. सोमवारची रजा टाकली होती.

सोलापूर सोडून पुण्याच्या रस्त्याला लागले की मोहोळ येते, पुढे टेंभुर्णी, आणि मग भीमानगरजवळ महामार्ग भीमा ओलांडतो. तिथे धरणाची भिंत दिसते. गाडी बाजूला घेऊन आम्ही उतरलो. आमच्या सोलापुरात वर्षानुवर्षे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येत आले. पाणी आले की सारी वस्ती घागरी, बादल्या, पिंपे घेऊन जागी होते. त्यातले पुष्कळ पाणी या उजनीतून शंभरावर किलोमीटर नळातून येते. ज्या पाण्यासाठी आमच्या आयुष्मती मध्यरात्री उठतात, ते पाणी त्यांच्याच आजोळ-माहेरच्या डोक्यावर साठलेले आहे, हे त्या भिंतीकडे पाहताना आम्हा दोघांच्याही एकदमच ध्यानात आले.

या जलाशयाला यशवंतसागर म्हणतात. धरण काठोकाठ भरले म्हणजे त्यात सुमारे ११७ टीएमसी पाणी असते. त्यातले सुमारे ६३ टीएमसी हा मृतसाठा, म्हणजे दरवाजाच्या खालचे पाणी. म्हणूनच उन्हाळ्यात वर्तमानपत्रात 'उजनी उणे इतके टक्के' अशा बातम्या येतात. पाणी फार खाली गेले की जुन्या वाड्यांची जोती, देवळांची शिखरे उघडी पडतात. पळसदेवचे पळसनाथाचे प्राचीन मंदिर असेच पाण्याबाहेर येते आणि लोक पाहायला गर्दी करतात. मंदिर उघडे पडले की छायाचित्रे छापून येतात. महारवाड्याची मातीची घरे मात्र पहिल्याच पावसाळ्यात विरघळली. त्यांचे काय उघडे पडणार?

नावेचे भाडे

इंदापूर, पळसदेव मागे टाकून चार वाजता भिगवणच्या अलीकडे कुंभारगावच्या काठावर पोहोचलो. सोलापूरपासून अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. कार्यालयातील एका सहकाऱ्याच्या ओळखीचे एक नाववाले तिथे होते. वय साठीच्या घरात, समाजाने भोई. थंडीत रोहित पक्षी पाहायला शहरातले लोक येतात, त्यांना ते नावेतून फिरवतात. एरवी मासेमारी. सगळे त्यांना मामा म्हणत होते, आम्हीही मामाच म्हणालो.

मी म्हटले, "मामा, उद्या पहाटे तुमच्याबरोबर जाळी काढायला येतो. मग तिकडच्या काठाला जुन्या गावाच्या पाण्यावर जाऊ. दुपारपर्यंत परत. किती घ्याल?"

"दोघंच हाय ना? पंधराशे द्या."

सवयीप्रमाणे मी म्हणालो, "बाराशे करा." मामा काही बोलले नाहीत, दोरी गुंडाळत राहिले. आयुष्मतींनी मला थोडे बाजूला घेतले.

"किमान वेतनाच्या मोर्चात घोषणा तुम्हीच देता ना?"

"देतो की."

"मग माणूस पहाटे पाचला नाव काढणार, डिझेल त्याचं, नाव त्याची. त्याची मजुरी तुम्ही का कापता?"

त्या अंगणवाडीत मदतनीस आहेत. मानधन वाढावे म्हणून जिल्हा परिषदेसमोर त्या स्वतः उन्हात बसलेल्या आहेत. त्यांच्यापुढे माझे काय चालणार? पंधराशे ठरले.

त्या रात्री काठावर गाडी लावून शेगडीवर पिठले-भाकरी केली. दार उघडे ठेवून गादीवर पडलो. पाण्यावरून गार वारा येत होता. कितीतरी वर्षांनी आम्ही मुलांची फी, भिशी आणि मंडळाची वर्गणी सोडून दुसरे काही बोललो. काय बोललो ते इथे लिहीत नाही. पण ते बोलायला हवे होते एवढे खरे.

पहाटेचे पाणी

पहाटे साडेपाचला मामांनी गाडीच्या पत्र्यावर थाप मारली. काठावर चिखल होता. मामांनी हात देऊन आधी ताईंना नावेत घेतले, मग मला. दोघांना नारिंगी जाकिटे दिली. मला ते घालायला जरा संकोच वाटला. मामा म्हणाले, "दादा, ते घातल्याबिगर नाव हालणार न्हाई."

त्यांचे म्हणणे योग्यच होते. २१ मे २०२४ रोजी याच जलाशयात करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी प्रवासी नाव वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडून मेले. दोन्ही काठांवर नाती आहेत, बाजार आहेत. रस्त्याने जायचे तर लांबचा वळसा. म्हणून लोक नावेने जातात. धरणाने गावे वर हलवली, पण मधली वाट पाण्याखाली गेली ती गेलीच. त्या वाटेचे मोल अशा रीतीने गरिबांनी चुकवले.

इंजिनाचा आवाज बंद करून मामांनी वल्हे हाती घेतले तेव्हा उजाडू लागले होते. आदल्या संध्याकाळी टाकलेल्या जाळ्यांवर थर्माकोलचे पांढरे तुकडे तरंगत होते. मामांनी एक टोक धरून जाळे वर ओढायला सुरुवात केली. दोन हातांत जाळे, पायाच्या बोटांत दोरी, नजर पाण्यावर. ओढता ओढता मासा सोडवायचा आणि क्रेटमध्ये टाकायचा. जाळ्याची वीण फाटू द्यायची नाही आणि माशाचा कल्ला बोटाला लागू द्यायचा नाही. हे काम पाहायला सोपे, करायला कठीण. मी दोन मासे सोडवायला गेलो आणि बोट कापून घेतले.

निघालेल्या माशांत बहुतेक चिलापी. दोन राहू, एक कटला, आणि सापासारखी लांब एक वाम. मामा सांगत होते, "पूर्वी मरळ, शिंगटा, वाम लय निघायची. आता चिलापीच चिलापी. वरनं पुण्याचं घाण पाणी येतं. काही लोक बारीक आसाची जाळी टाकतात, बोटाएवढी पिल्लं धरतात. पिल्लंच धरली तर उद्या मासा कुठला?" आपल्या जाळ्याच्या एका आसात त्यांनी तीन बोटे घालून दाखवली. "एवढा आस ठेवला की लहानगं निसटून जातं. मोठं झालं की भेटंल."

पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून या जलाशयात येते, ही गोष्ट नवी नाही. तेच पाणी शुद्ध करून खालची गावे आणि शहरे पितात. पूर्वी गावात वरच्या अंगाला कोण आणि खालच्या अंगाला कोण, हे जातीवर ठरत असे. आता वरच्या अंगाला मोठी शहरे आहेत. मामा हे सांगत होते आणि मी मान हलवत होतो.

क्रेट निम्माही भरला नव्हता. त्यातून डिझेल वजा जाणार, बर्फ वजा जाणार, बाजारात आडत्याची आडत वजा जाणार. मी बी.कॉम. झालेला माणूस; मनातल्या मनात ताळेबंद मांडला. उरते ते एका घराच्या दोन वेळच्या जेवणाएवढे. वर जाळे फाटले तर ते शिवायला मामी आहेतच. त्यांच्या शिवणाचा पैसा कुठल्याच खात्यात धरलेला नसतो.

गळाला लागलेला मासा

जाळी काढून झाली तसे मामांनी खोक्यातून एक गळ काढला. दोऱ्याला गळ, गळाला कणकेचा गोळा. म्हणाले, "घ्या ताई, टाका. शहरातल्या लोकांना लय आवडतं."

ताईंनी दोरा हातात धरला. पाच मिनिटे झाली, दहा झाली. मला वाटले कंटाळतील. एवढ्यात दोऱ्याला हिसका बसला. "अहो, ओढतंय की!" म्हणून त्या लहान मुलीसारख्या ओरडल्या. ही गंमत टिपावी म्हणून मी मोबाईल घेऊन उभा राहिलो आणि नाव एका अंगाला कलली. मामा ओरडले, "दादा, खाली बसा!" बायकोने एका हाताने दोरा आणि दुसऱ्या हाताने माझी विजार धरली. मी बसलो. छायाचित्र काही निघाले नाही.

वर आली ती तळहाताएवढी चिलापी. नावेच्या फळीवर ती उड्या मारू लागली. तोंड उघडत होती, मिटत होती. आमच्या आयुष्मतींचे हसू मावळले. त्या म्हणाल्या, "मामा, हिला सोडली तर चालंल का?"

मामा हसले. "सोडा की. तुमचा गळ, तुमचा मासा. पर ताई, मी असं सोडत बसलो तर घरी चूल कशी पेटंल?"

तो प्रश्न बोचणारा होता. आपण रोज सकाळी पंचशील म्हणतो. पहिलेच शील प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे. आणि आपल्या घरांतून मासळी तर शिजतेच. मग आपण ढोंगी का? आणि हा कष्टाळू भोई माणूस पापी का? नावेत बसून या प्रश्नाला बगल देता येईना.

परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात या प्रश्नाचा खुलासा केलेला आहे. बुद्धाची अहिंसा हा आंधळेपणाने पाळायचा नियम नव्हे, ते तत्त्व आहे, असे ते सांगतात. गरजेपोटी होणारी हत्या आणि मारण्याच्या इच्छेपोटी होणारी हत्या यांत ते फरक करतात. नियम माणसाला बांधून टाकतो. तत्त्व माणसाला विचार करायला लावते. मी हे सारे नावेत माझ्या परीने सांगितले. सभेत सांगतो तसे जरा लांबलेच.

आयुष्मती ऐकून घेऊन म्हणाल्या, "म्हणजे मामा धरतात ती गरज. आणि मी आत्ता धरला तो खेळ."

"तसंच म्हणायचं."

"मग हा सोडू. आणि आईसाठी दोन किलो मामांच्या क्रेटातनं विकत घेऊ. खायचं तेवढं घ्यायचं, पण तडफडताना बघून हसायचं न्हाई."

त्यांनी गळ हळूच काढला आणि चिलापी पाण्यात सोडली. मामा ते बघत होते. त्यांनी गळ परत खोक्यात ठेवला आणि म्हणाले, "बरं केलंत. लहान होती." मी दहा मिनिटे बोललो ते त्यांनी तीन वाक्यांत उरकले. धम्माचा अभ्यास पुस्तकाने होतो हे खरे, परंतु तो आचरणात येतो की नाही हे असे हातात दोरा असताना कळते.

जुन्या गावावर

उन्हे चढू लागली. लांब उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचा एक थवा उभा होता. त्यांना अग्निपंखही म्हणतात. उडताना पंखांचा लाल रंग दिसतो तो पाहिला की नाव पटते. वाकडी चोच उलटी करून चिखलातले शेवाळ आणि बारीक जीव ते गाळून खातात. मामांनी नाव लांबूनच नेली. "जवळ गेलं की उडतात. उगं कशाला त्यांना उपाशी उडवायचं?"

वाटेत त्यांनी डिकसळच्या जुन्या रेल्वेमार्गाची दिशा दाखवली. पुण्याहून निघालेली आगगाडी १८५८ साली डिकसळपर्यंत आली आणि १८६० साली सोलापूरला पोहोचली. धरण झाले तेव्हा हा रेल्वेमार्गही हलवावा लागला. रेल्वेला नवा मार्ग मिळाला. माणसांना मिळाला तो माळ.

पलीकडच्या काठापासून काही अंतरावर मामांनी इंजिन बंद केले. काठावरची एक टेकडी आणि एक जुने झाड यांची सरळ रेघ धरून ते म्हणाले, "ताई, तुमचं गाव ह्याच्याखाली."

पाणी हिरवट आणि शांत. खाली काहीच दिसत नव्हते. मामांचेही जुने गाव असेच कुठेतरी खाली होते. तेही गप्प बसले. आमच्या आयुष्मती नावेच्या कडेवरून वाकल्या, ओंजळीत पाणी घेतले, थोडा वेळ धरले आणि सोडून दिले. रडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "आई म्हणायची, आपलं घर गावाच्या शेवटाला होतं. आता पहिलं कुठलं अन् शेवटचं कुठलं?"

मला महाड आठवले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या ओंजळीसाठी लोकांनी डोकी फोडून घेतली. कोर्टाचे काम दहा वर्षे चालले आणि १९३७ च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. आणि हेच बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना देशाच्या पाण्याचा विचार करीत होते. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथे ओरिसातील नद्यांसंबंधी परिषद भरली, तिचे अध्यक्ष तेच होते. नदीचे पाणी साठवून त्यातून शेती, वीज आणि जलवाहतूक अशी अनेक कामे साधावीत, असा तो विचार. ज्यांना तळ्याला शिवू दिले जात नव्हते, त्यांच्यातल्या एकाने साऱ्या देशाच्या नद्यांचा हिशेब मांडला. आपण मात्र त्याच पाण्यावर एक दिवस नावेत बसायलाही संकोचतो. हे आपल्यासाठी नाही, हे पैसेवाल्यांचे, असे मनातून वाटत राहते.

अकरा वाजता वारा उठला. पाण्यावर लाटा दिसू लागल्या तसे मामांनी इंजिन सुरू केले. "आता थांबायचं न्हाई." जे पहाटे आरशासारखे होते, ते पाणी नावेला थपडा मारू लागले. आयुष्मतींनी माझा हात घट्ट धरला. की मीच त्यांचा धरला होता? असो. काठाला लागलो तेव्हा दोघांचेही कपडे भिजले होते.

सासूबाईंची चूल

मामांकडून दोन किलो चिलापी घेतली. त्यांनी तराजूत टाकल्यावर वर एक जास्तीची घातली आणि तिचे पैसे काही केल्या घेतले नाहीत. "पाहुणी हाय ताई, ह्याच पाण्याची," म्हणाले. बर्फ टाकून मासळी डब्यात भरली आणि टेंभुर्णी-जेऊर मार्गाने वळसा घालून संध्याकाळी सासुरवाडी गाठली. नावेने जे अंतर थोडक्यात गेले असते, त्याला गाडीने अर्धा दिवस मोडला.

नव्या गावातही आपली वस्ती गावाच्या कडेलाच आहे. १९५६ साली धर्म बदलला, पुढे गाव बदलले. पण गावाने नकाशा काढताना जुनाच कित्ता गिरवला. थोडी वतनाची जमीन होती तीही पाण्याखाली गेली. सासऱ्यांनी पुढे उसाच्या फडात राबून मुले शिकवली.

सासूबाईंनी मासळी पाहिली. म्हणाल्या, "कुठं धरली?"

"आपल्या गावावर," लेक म्हणाली.

म्हातारीने काही न बोलता विळी घेतली. राखेने मासे धुतले, मिरची, लसूण, खोबरे वाटून तांबडे कालवण केले. आम्ही सारे ओळीने जेवायला बसलो. जेवता जेवता त्यांनी विचारले, "आता वर पाणी किती हाय?"

"लई हाय. तळ दिसत न्हाई."

"आमच्या गावात वरच्या अंगाला त्यांचा पाणवठा, खालच्या अंगाला आपला. ते वर म्हसरं धुवायचे, ते पाणी आपल्याकडं यायचं. घटकाभर थांबायचं, गाळ बसला की घागर भरायची. एकदा मी न थांबता वर गेले तर घागर फोडली माझी." त्या थांबल्या. भाकरीचा तुकडा मोडला. "धरणानं घर नेलं, रान नेलं. पर एक बरं केलं. दोन्ही पाणवठे एक करून टाकले."

ही गोष्ट आमच्या आयुष्मतींनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. चाळीस वर्षे आईने ती सांगितली नव्हती. लेक त्या पाण्यावर जाऊन आली, तिथली मासळी घेऊन आली, तेव्हा ती गोष्ट बाहेर आली. मला वाटते, आपल्या पुष्कळ घरांत अशा गोष्टी बुडालेल्या आहेत. त्या वर यायला कुणीतरी तिथवर जाऊन यावे लागते.

मात्र एक सांगितलेच पाहिजे. धरणाने पाणवठे एक केले ते पाणी साठले म्हणून. माणसे एक झाली नाहीत. ते काम अजून आपल्याकडेच आहे.

थोडा हिशेब

शेवटी कारकुनाच्या सवयीने खर्च मांडतो. पेट्रोल सुमारे २८०० रुपये, नाव १५००, मासळी ४००, किरकोळ ५००. एकूण ५२०० रुपये. ही रक्कम आपल्यासारख्यांना लहान नाही. पण चार घरांनी मिळून एसटीने भिगवणपर्यंत जावे, नाव वाटून घ्यावी, म्हणजे माणशी खर्च पुष्कळ खाली येतो. आमच्या वस्तीतील महिला मंडळाने तर बचतीतून दरमहा ५० रुपये याच कामासाठी बाजूला काढायला सुरुवात केली आहे. पुढाकार कोणाचा, हे वाचकांनी ओळखले असेलच.

जाणार असाल तर डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. पहाटे निघा, वारा उठण्याआधी परत या. जाकीट घातल्याशिवाय नावेत पाय ठेवू नका आणि नावेत उभे राहू नका. हे मी अनुभवाने सांगतो. नाववाल्याशी भाड्यासाठी घासाघीस करू नका. प्लास्टिक पाण्यात टाकू नका. ते पाणी कोणाच्या तरी नळाला जाते, बहुधा आपल्याच.

आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांना एक नम्र विनंती. चळवळीत आपण जे काही करतो ते घरातल्या माणसाच्या बळावर करतो. वर्षातला एक दिवस त्या माणसाला द्या. त्या दिवशी बॅनर घरी ठेवा आणि पिशव्या तुम्ही धरा.

जय भीम.